इंटरफेरॉन, सीएमएलच्या पेशी आणि आई होण्याचा निर्णय

वाचकाचे पत्र : मी घणसोलीत राहते, माहेर ठाण्याचे, वय ३१. चार वर्षांपूर्वी मला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. तेव्हापासून रोज इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी घेते. बीसीआर-एबीएल, म्हणजे रक्तात आजाराचा अंश किती उरला ते मोजणाऱ्या तपासणीचे शेवटचे तीन आकडे ०.०६, ०.०४ आणि ०.०४ टक्के आहेत. आम्हाला आता मूल हवे आहे. डॉक्टर म्हणाले की गरोदरपणात ही गोळी चालणार नाही. ती थांबवू आणि आजार वर येऊ लागला तर इंटरफेरॉनची इंजेक्शने देऊ. माझा धाकटा दीर बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करतो. त्याने सांगितले की त्यांच्या प्रयोगशाळेत सीएमएलच्या रुग्णाकडूनच मिळालेल्या के-५६२ नावाच्या पेशी आहेत आणि इंटरफेरॉन घातले तरी त्यांची वाढ फारशी थांबत नाही. उलट हाडांतल्या, रक्त तयार करणाऱ्या निरोगी मज्जेच्या पेशींची वाढ मात्र त्याने कमी होते, असे त्याने वाचले आहे. यजमानांना हे मागे पडलेले औषध वाटते. सासूबाई म्हणतात, पोटुशी बाईला सुया कशाला, त्यापेक्षा गुळवेलीचा काढा घे. माझ्या पेशींवर हे औषध चालेल का? आणि बाळाला अपाय तर होणार नाही ना?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या दिराने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तरीही तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, ते नीट समजले तर तुमची निम्मी भीती जाईल आणि उरलेली निम्मी योग्य प्रश्नांच्या रूपाने डॉक्टरांसमोर मांडता येईल, म्हणून मी जरा विस्ताराने लिहीत आहे.

इंटरफेरॉन हे बाहेरून आणलेले विष नव्हे. विषाणू शरीरात शिरला की आपल्याच पेशी ते तयार करतात. लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी १९५७ साली ते शोधले ते विषाणूंचा अभ्यास करताना. कर्करोगाशी त्याचा संबंध नंतर जुळला. पेशीच्या पृष्ठभागावर इंटरफेरॉनसाठी ठरावीक ग्राहक, म्हणजे निरोप घेणारी प्रथिने (रिसेप्टर), असतात. तेथे ते बसले की जॅक-१ आणि टिक-२ ही दोन विकरे (एन्झाइम) जागी होतात, त्यांच्याकडून स्टॅट गटातील प्रथिनांना निरोप जातो, ती प्रथिने पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि शेकडो जनुके चालू होतात. मूळ हेतू असा की विषाणू घुसलेल्या पेशीने आपली सगळी निर्मिती आवरती घ्यावी, म्हणजे विषाणूला वाढायला साधने मिळणार नाहीत. पेशीचे विभाजन मंदावणे हा त्याच आवरते घेण्याचा एक भाग आहे. म्हणूनच इंटरफेरॉन कर्करोगाच्या पेशीला ओळखून गाठून मारते, अशी कल्पना करू नये. ज्या पेशीला ग्राहक आहे आणि जिची आतली यंत्रणा शाबूत आहे, तिला ते थांबायला सांगते.

काही पेशी हा आदेश तंतोतंत पाळतात. केनियातील एका रुग्णाच्या बर्किट लिम्फोमा या कर्करोगापासून १९६०च्या दशकात मिळवलेल्या डाउडी नावाच्या पेशी याबाबत जगभरच्या प्रयोगशाळांत प्रसिद्ध आहेत. इंटरफेरॉनची अगदी थोडी मात्रा दिली तरी त्या डीएनएची नक्कल करायला लागण्याच्या आधीच्या टप्प्यावर अडकून राहतात आणि वाढीला रेटा देणाऱ्या सी-मिक या जनुकाचे काम उतरते. सुरुवातीला त्या मरत नाहीत, नुसत्या थबकतात. बऱ्याच पेशींचा मृत्यू त्यानंतर होतो.

आता के-५६२ कडे येऊ, कारण तुमची खरी भीती तेथे आहे. या पेशी सीएमएलच्याच रुग्णाच्या आहेत हे खरे, पण ती ५३ वर्षांची स्त्री त्या वेळी ब्लास्ट क्रायसिसमध्ये होती, म्हणजे आजार शेवटच्या आणि सर्वांत बेफाम अवस्थेला पोहोचलेला होता. त्यानंतर गेली पन्नासहून अधिक वर्षे या पेशी काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या भांड्यांत वाढत आहेत. पी-५३ आणि पी-१६ यांसारखी, पेशीला वेळीच थांबवणारी जनुके त्या गमावून बसल्या आहेत. अशा पेशीने इंटरफेरॉनला दाद दिली नाही, यात आश्चर्य नाही. तुमचा आजार क्रॉनिक, म्हणजे सुरुवातीच्या संथ अवस्थेत सापडला, गोळीने आटोक्यात आला आणि आज तुमच्या शरीरात त्याच्या फार थोड्या पेशी उरल्या आहेत. त्या पेशींत फिलाडेल्फिया गुणसूत्राचा, म्हणजे सीएमएलच्या मुळाशी असलेल्या बिघडलेल्या गुणसूत्राचा, दोष असला तरी एरवीचे नियंत्रण बरेचसे शिल्लक असते. के-५६२ वरून तुमच्या पेशींचा अंदाज बांधणे योग्य ठरणार नाही, आणि हे तुमच्या दिराच्या प्राध्यापकांनाही पटेल असे मला वाटते.

निरोगी पेशींबद्दल त्याने जे वाचले तेही बरोबर आहे. मज्जेतल्या पेशी मिथाइल सेल्युलोजच्या दाटसर द्रावणात पसरून साधारण चौदा दिवस उबवणीपेटीत ठेवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बशी सरकवत गेले की मधूनमधून पेशींचे पुंजके दिसतात, काही घट्ट, काही विस्कटलेले. प्रत्येक पुंजका एकाच मूळ पेशीपासून वाढलेला असतो. इंटरफेरॉन घातलेल्या बशीत पुंजके कमी असतात आणि जे असतात तेही लहान राहतात. ही घट सीएमएलच्या रुग्णाच्या मज्जेत दिसते तशीच निरोगी माणसाच्या मज्जेतही दिसते. इंजेक्शने सुरू झाली की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स खाली येतात, म्हणून काउंट वरचेवर पाहावे लागतात, त्याचे कारण हेच आहे.

येथे कोणीही विचारील की, दोन्हीकडे सारखाच परिणाम होत असेल तर फायदा कोणता? या प्रश्नाचे उत्तर त्या बशीत सापडत नाही, कारण बशीत मज्जेचे अस्तर नसते आणि रोगप्रतिकारक पेशीही नसतात. निरोगी मूळ पेशी मज्जेतल्या आधारपेशींना चिकटून राहतात आणि त्या चिकटण्यामुळेच त्यांच्या विभाजनाला लगाम बसतो. सीएमएलच्या पेशींची ही चिकटण्याची क्षमता बिघडलेली असते, म्हणून त्या मोकाट वाढतात आणि लवकर रक्तात उतरतात. इंटरफेरॉनच्या संपर्काने ही क्षमता बऱ्याच अंशी परत येते, असे १९९०च्या दशकातील संशोधनात दिसून आले. दुसरे असे की इंटरफेरॉनमुळे पेशींच्या पृष्ठभागावरील एचएलए प्रथिने वाढतात आणि त्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या नजरेत येतात. ज्या सीएमएल रुग्णांना इंटरफेरॉनचा चांगला गुण आला, त्यांच्यापैकी अनेकांच्या रक्तात आजारी पेशींवरील प्रोटिनेज-३ या प्रथिनाचा तुकडा ओळखणाऱ्या टी पेशी, म्हणजे एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी, आढळल्या. औषधाचा मोठा वाटा या मार्गाने साधला जातो, असे मानायला पुरेसा आधार आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळ्या रक्तपेशी इंटरफेरॉनने मंदावतात, असा नियम नाही. मायलोमा या मज्जेतल्या कर्करोगाच्या काही पेशींची वाढ प्रयोगशाळेत इंटरफेरॉनने उलट वाढलेली दिसली आहे आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या पेशी त्याच्या सोबतीने अधिक काळ जगलेल्या दिसल्या आहेत. उंदरांवरील २००९ सालच्या एका अभ्यासात तर इंटरफेरॉनमुळे मज्जेतल्या सुप्त मूळ पेशी जाग्या होऊन विभाजित होऊ लागल्या. सीएमएलमध्ये ही गोष्ट कदाचित उपकारकच ठरत असेल, कारण झोपलेली आजारी मूळ पेशी इमॅटिनिबला सहसा बधत नाही. तेव्हा ‘इंटरफेरॉन रक्ताच्या कर्करोगावर चालते का’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता कर्करोग, कोणती अवस्था आणि किती पेशी शिल्लक, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही.

यजमानांच्या शंकेकडे वळतो. इंटरफेरॉन मागे पडले हे खरे आहे आणि ते योग्य कारणाने मागे पडले. हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या दुसऱ्या एका कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला १९८६ साली मान्यता मिळाली, पुढे तेथे क्लॅड्रिबिन हे औषध सरस ठरले. सीएमएलमध्ये ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते वापरले आणि इमॅटिनिब येईपर्यंत, ज्यांना मज्जा प्रत्यारोपण शक्य नव्हते त्यांच्यासाठी, तेच मुख्य औषध होते. मग आयरिस ही मोठी चाचणी झाली. तिच्यात १,१०६ रुग्ण होते. अठरा महिन्यांनंतर फिलाडेल्फिया गुणसूत्र मज्जेतून पूर्ण दिसेनासे होण्याचे प्रमाण इमॅटिनिबच्या गटात ७६.२ टक्के निघाले आणि इंटरफेरॉन अधिक सायटाराबिन हे केमोथेरपीचे औषध घेणाऱ्या गटात १४.५ टक्के. एवढा फरक पाहिल्यावर दुसऱ्या निर्णयाला जागाच उरली नाही. पण ही तुलना नव्याने निदान झालेल्या रुग्णांची आहे, ज्यांच्या शरीरात आजारी पेशींचा प्रचंड साठा होता आणि तो उपसून काढायचा होता. तुमच्याकडे ते काम गोळीने चार वर्षांत केलेले आहे. आता गरज आहे ती उरलेल्या थोड्या पेशींना काही महिने वाढू न देण्याची, आणि तेही बाळाला धक्का न लावता. हे काम वेगळे आहे आणि त्यासाठी हे जुने औषध आजही हाताशी ठेवले जाते.

बाळाच्या बाबतीत फरक कसा पडतो, तेही पाहा. इमॅटिनिबचा रेणू लहान, सुमारे ४९४ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) आहे आणि तो वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतो. इमॅटिनिब घेत असताना दिवस राहिलेल्या १८० स्त्रियांच्या नोंदी २००८ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी १२५ जणींच्या गरोदरपणाचा शेवट काय झाला ते कळले. बऱ्याच जणींची बाळे निरोगी होती, पण १२ बाळांत जन्मजात दोष आढळले आणि त्यांतील तीन बाळांतील गंभीर दोष एकमेकांशी विलक्षण मिळतेजुळते होते. धोका प्रामुख्याने पहिल्या तीन महिन्यांत, अवयव घडत असताना असतो. इंटरफेरॉन हे सुमारे १९,००० डाल्टनचे प्रथिन आहे, ते वार सहजासहजी ओलांडत नाही, आणि गरज पडल्यास गरोदरपणात ते देता येते, असे सीएमएलच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे. पेगिलेटेड इंटरफेरॉन, म्हणजे ज्याला लांब साखळीचा रेणू जोडून त्याचा परिणाम लांबवलेला असतो, ते अनेकांना कोविडच्या काळात, २०२१ साली आपत्कालीन परवानगी मिळाली तेव्हापासून ऐकून माहीत आहे. साधे आणि पेगिलेटेड यांपैकी तुमच्यासाठी कोणते, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दोन्हींच्या मात्रा आणि वेळा अगदी वेगळ्या असतात.

आता तुमच्या आकड्याविषयी, कारण पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटली. ०.०४ टक्के हा चांगला आकडा आहे. ०.१ टक्क्याच्या खाली म्हणजे आजार आटोक्यात, असे धरतात. परंतु औषध पूर्ण थांबवून पाहण्यासाठी साधारणपणे ०.०१ टक्का किंवा त्याहून कमी आकडा सलग दोन वर्षे तरी टिकलेला असावा, अशी अपेक्षा असते. तितका खोल प्रतिसाद टिकलेल्या रुग्णांतही गोळी थांबवल्यावर निम्म्याच्या आसपास लोकांमध्ये आजार पुन्हा वर येतो आणि तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच येतो. तुमचा आकडा त्या पातळीला अजून पोहोचलेला नाही, म्हणजे गोळी थांबवल्यावर तो वाढण्याची शक्यता तुमच्या बाबतीत जास्त आहे. यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण गोळी पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांचा आजार परत आटोक्यात येतो. पण निर्णय घेताना हे उघड्या डोळ्यांनी स्वीकारलेले असले पाहिजे. म्हणून डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा : माझे वय ३१ आहे, एक-दीड वर्ष थांबून किंवा इमॅटिनिबनंतर आलेल्या दुसऱ्या पिढीच्या गोळीवर जाऊन आकडा आणखी खाली आणणे आणि मग मुलाचा विचार करणे अधिक सुरक्षित ठरेल का? काही जणींसाठी थांबणे शहाणपणाचे असते, काही जणींना वय किंवा इतर कारणांमुळे थांबणे परवडत नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर, तुमच्या जागी मी आधी थांबण्याच्या पर्यायावर गंभीरपणे बोलेन. मात्र तुमची संपूर्ण फाइल ज्यांच्यासमोर आहे, त्यांचे म्हणणे माझ्या मतापेक्षा वरचे आहे.

एक गोष्ट मात्र कोणाच्याही सांगण्यावरून करू नका : गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि ‘मूल हवे आहे’ म्हणून मधूनमधून चुकवूही नका. दहातली एखादी गोळी चुकत राहिली तरी प्रतिसाद बिघडतो. गोळी गर्भ राहण्याआधी थांबवायची की पाळी चुकताच तपासणी करून लगेच थांबवायची, याबाबत डॉक्टरांच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. तुमच्याबाबत कोणती, ते आधी ठरवून घ्या. दुसरी पद्धत ठरली तर तपासणीची पट्टी घरात हवी आणि पाळीच्या तारखा काटेकोर लिहिलेल्या हव्यात, कारण येथे दोन आठवड्यांचा उशीरही महागात पडू शकतो. गोळी थांबल्यानंतर बीसीआर-एबीएल तपासणी दर तीन महिन्यांऐवजी साधारण दर महिन्याला करावी लागेल, आणि ती शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर करून घ्यावी. एकदा ठाण्यात आणि एकदा वाशीत केलेले रिपोर्ट शेजारी ठेवून ०.०४ चे ०.०८ झाले म्हणून रात्रभर जागत बसण्यात अर्थ नसतो.

आकडा थोडा वर सरकला की लगेच इंजेक्शने सुरू होतात, असे नाही. काउंट ठीक असतील तर अनेक जणींचे नऊ महिने नुसत्या देखरेखीवर पार पडतात. इंजेक्शनांची वेळ आलीच, तर पुढील गोष्टी माहीत असू द्या. साधे इंटरफेरॉन पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचतात, बहुधा आठवड्यातून तीनदा, आणि सुरुवात अनेकदा ३० लाख युनिटने होते. पहिल्या काही इंजेक्शनांनंतर तीन ते सहा तासांत हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येते. रात्री झोपण्यापूर्वी घेतले आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पॅरासिटामॉल घेतली, तर हे बरेच सुसह्य होते आणि दोन-तीन आठवड्यांत कमीही होते. गरोदरपणात ताप अंगावर काढायचा नसतो, म्हणून ही गोळी ‘उगाच कशाला’ म्हणून टाळू नका. पण ताप दुसऱ्या दिवशीही टिकला तर तो इंजेक्शनाचाच आहे असे गृहीत न धरता डॉक्टरांना कळवा. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि गोठूही द्यायचे नसते. परळहून किंवा खारघरहून ते आणताना लोकलच्या गर्दीत तास-दीड तास जाणार असेल तर बर्फाची पिशवी आणि डबा बरोबर न्या, घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको.

तापापेक्षा मला काळजी वाटते ती मनाची. इंटरफेरॉनमुळे काही जणांना खोल उदासी येते, झोप उडते, चिडचिड होते, आणि क्वचित जीव नकोसा वाटण्यापर्यंत मजल जाते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मन आधीच हळवे असते, त्यामुळे हा परिणाम ‘दिवसच तसे आहेत’ म्हणून नजरेआड होऊ शकतो. तुम्हाला किंवा माहेरी कोणाला पूर्वी नैराश्याचा त्रास झाला असेल तर तो औषध सुरू होण्यापूर्वीच सांगा, आणि यजमानांनाही हे सांगून ठेवा, कारण बदल अनेकदा स्वतःपेक्षा घरच्यांना आधी दिसतो. थायरॉइडची तपासणी आधी आणि मधेमधे हवी. इंटरफेरॉन थायरॉइड बिघडवू शकते आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी आईचा थायरॉइड नीट असणे आवश्यक असते. यकृताच्या तपासण्याही होत राहतील.

यकृताचा विषय निघाला म्हणून सासूबाईंच्या काढ्याबद्दल. त्यांची माया मी समजू शकतो, आणि तुम्ही त्यांना तोडून बोलू नये असेच मला वाटते. परंतु गुळवेल रोगप्रतिकारक यंत्रणेला चाळवते असे मानले जाते, आणि ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली आहे. इमॅटिनिब आणि इंटरफेरॉन, दोन्हींचा यकृतावर परिणाम होऊ शकतो. अशा वेळी तिसरी गोष्ट पोटात गेली तर बिघाड कशामुळे झाला हेच कळेनासे होते. काढा नको, एवढे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. पुढच्या भेटीला त्यांनाही बरोबर घेऊन जा.

त्या भेटीला रक्तविकारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलावे असा आग्रह धरा, आणि बाळंतपण जेथे रक्तपेढी व नवजात बाळांचा विभाग जवळ आहे अशाच ठिकाणी ठरवा. बाळ अंगावर पाजायचे किती दिवस, हेही आत्ताच विचारून ठेवा, कारण इमॅटिनिब पुन्हा सुरू झाले की पाजता येणार नाही. आकडा स्थिर असेल तर डॉक्टर सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे गोळीशिवाय देऊ शकतात, वाढलेला असेल तर बाळंतपणानंतर लगेच गोळी सुरू करून बाळाला वरचे दूध द्यावे लागेल. ही निवड बाळंतपणाच्या वेळच्या रिपोर्टवर होईल, म्हणून नवव्या महिन्यातील तपासणी चुकवू नका.